दोरीपलीकडच्या कमलताई

माझ्यावर वेळ आली तर मी बोलेन की गप्प बसेन? खरंच सांगता येत नाही. आमच्या नदीतल्या वाळूचोरीवर मी याच ब्लॉगवर लिहिलं, पण खाली नाव घातलं नाही. बाबा म्हणाले होते, "लिही, पण नाव नको. आपल्याला इथंच राहायचंय." घरातली पहिली पदवीधर मी, तीही त्यांच्याच कष्टावर. त्यांचं ऐकलं. पण मन स्वस्थ बसेना, म्हणून एकटीनं नाटक करणाऱ्या कमलताईंना बघायला मध्य प्रदेशातलं बुऱ्हाणपूर गाठलं.

भुसावळहून सकाळची गाडी धरा. स्टेशन गावाबाहेर आहे, शेअर रिक्षा वीस रुपयांत शहरात सोडते. यंत्रमागांची खटखट गल्लोगल्ली सोबत करते. मावा जिलेबी काळपट दिसते म्हणून बिचकू नका, गरमच खा.

संध्याकाळी तापीकाठच्या राजघाटावर कमलताई आल्या. सत्तरीच्या, किरकोळ बांध्याच्या, हातात सुताची दोरी. तरुणपणी त्या मागावरच्या बायकांची नाटकं लिहून स्वतःच करायच्या. त्यापायी त्यांना जिलाबदर केलं, म्हणजे वर्षभर जिल्ह्यात पाऊल ठेवायला बंदी. मग त्या हद्दीपलीकडे, महाराष्ट्रातल्या केळीच्या शेतात उभ्या राहून नाटक करत आणि बुऱ्हाणपूरचे लोक बांधाच्या अलीकडे बसून बघत. तेव्हापासून प्रयोगाआधी त्या आपल्या आणि लोकांच्या मध्ये दोरी आडवी टाकतात.

माझ्या शेजारच्या काकूंनी टोमणा मारला, "बंदी उठून जमाना झाला ताई, तुमची रस्सी काही सुटत नही."

"तू इकडे ये, मग सुटंल."

एकटीनं त्यांनी हवालदार, मालक, तान्ह्या बाळाची आई, सगळे उभे केले. आवाज खाली नेला की अख्खा घाट पुढे झुकायचा.

शेवटी दोरी ओलांडून कुणीही बोलावं, फक्त आधी नाव-गाव सांगावं, अशी रीत आहे. काकू उठल्या. "मी मंगला, धूलकोटची. माझ्या पोरीला पुढं शिकायचंय. तिचा बाप इथंच बसलाय, त्याला सगळ्यांदेखत सांगते." लोक हसले. बाप तापीकडे बघत राहिला.

मी बसूनच राहिले. नंतर दोरी गुंडाळणाऱ्या ताईंना विचारलं, "भीती नाही वाटायची?"

"लगती थी ना बेटा, रोज. पन लोकं इतक्या दूरून यायचे. कोन बोलतंय ते तर त्यांना समजलं पाहिजे."

घरी आल्यावर बाबांना हे सगळं सांगितलं. माझं नाव घालायचं म्हणजे मधे त्यांचंही येणार, हेही सांगितलं. त्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "मधलं गाळू नको. लोक म्हणतील, बाप कुठं लपला."

वाळूच्या त्या लेखाखाली कालपासून नाव आहे: सुवर्णा भगवान कोळी.