दोन अभंगांमधलं वाजवणं

आमचे मालक गेल्या तीन वर्षांत एकेक करून सगळं विसरले. आधी भावकीतली नावं गेली, मग रस्ते गेले, मग मी. म्हणजे मी हाय तिथंच आहे, पण मी कोण ते गेलं. कधी मला 'वहिनी' म्हणतात, कधी 'अहो बाई'. त्याचं आता काही वाटत नाही. वाटतं, पण स्वयंपाक करायचाच असतो की.

खरी भीती निराळीच. गेल्या उन्हाळ्यात हे उंबऱ्यात पडले, खुबा मोडला, आत सळई घालावी लागली. डॉक्टर म्हणाले, "मावशी, परत पडले तर अंथरुणातनं उठणं नाही, एवढं ध्यानात ठेवा." आता मी ध्यानात ठेवून काय उपयोग? पडणारा माणूस विसरलेला. त्यांना दर पाच मिनिटांनी उठून कुठंतरी जायचं असतं.

एकच गोष्ट त्यांना खुर्चीत धरून ठेवायची, ती म्हणजे भजनाची कॅसेट. शिवाजी पेठेत आमच्याच घरी दर गुरुवारी ह्यांचं मंडळ बसायचं, तेव्हा त्यातल्या कुणीतरी भरून घेतलेली. एक बाजू पाऊण तासाची. ती लावली आणि हातात टाळ दिले की हे डोळे मिटून वाजवत बसायचे. स्वतःचं नाव सांगता येईना अशा माणसाचा टाळ एकदासुद्धा इकडचा तिकडं होत नव्हता बघा. त्या पाऊण तासात मी अंघोळ उरकायची, भाकरी थापायची, कोपऱ्यावरनं दूध आणायची. माझा सगळा दिवस त्या पाऊण तासावर चालला होता.

मग कॅसेट रडायला लागली. मंगळवार पेठेत एक जण लग्नाचं शूटिंग करतात, जुन्या कॅसेटींच्या सीडी पण करून देतात, त्यांच्याकडं गेले. त्यांनी टेप उजेडात धरून बघितली.

"मावशी, ही पार वाळलीया. एकदा वाजंल न वाजंल, तेवढ्यात भरून घेतो कॉम्प्युटरवर. घरात सीडी वाजवायचा डबा हाय न्हवं?"

"हाय की. लेकीनं दिलाय."

"मग झालं. कशी मारून देऊ सीडी, ते बोला."

इथं माझं चुकलं. मोठ्या शहाणपणानं मी सांगितलं, "लाईट गेली की आमचा डबा पहिल्यापासनं सुरू होतो. तवा अभंग सुटे करा, नंबर पाडा, म्हणजे मला पुढचा लावता येईल. आणि मधेमधे नुसताच पखवाज आणि टाळ वाजतात न्हवं, ते रिकामं काढून टाका."

"कशाला काढायचं? ऱ्हाऊ दे की."

"गाणं न्हाय, काय न्हाय, उगच वेळ खातंय."

आता ह्याला काय म्हणायचं? चाळीस वर्षं माझ्या घरात भजन झालं, पण मी ते कधी बसून ऐकलं नाही. आतनं ऐकलं, गॅसपाशी उभी राहून. गळे थांबले आणि नुसतं वाजवणं सुरू झालं की चहाचा ट्रे बाहेर न्यायचा, एवढंच मला ठाऊक. माझ्या लेखी ती विश्रांतीची वेळ होती. तेच वाजवणं एका अभंगाला उचलून दुसऱ्या अभंगात नेऊन ठेवतं, तिथं ठेका तुटू द्यायचा नसतो, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी सीडी लावली. पहिला अभंग छान झाला. मग सगळं गप्प. मोजून दोन सेकंद असतील. ह्यांनी टाळ कपाळाला लावले, मांडीवर ठेवले, हात जोडले आणि खुर्चीचे हात धरून उठलेच. "चला, झालं भजन. चपला कुठायत माझ्या?" दुसरा अभंग सुरू झालेला त्यांच्या कानीच नाही. मी पीठभरल्या हातानं धावले.

सीडी घेऊन परत मंगळवार पेठ. "हात्तिच्या, एवढंच व्हय!" शूटिंगवाले म्हणाले. एकेक गाणं सुटं सुटं लिहिलं की सीडी आपणच मधे दोन सेकंद सोडते, सगळी एका दमात लिहिली की सोडत नाही, असं त्यांनी मला समजावलं. नवीन सीडी मारून दिली. मी देवापुढं साखर ठेवली.

थांबणं गेलं खरं. पण एक अभंग संपता संपता दुसरा असा अंगावर आला, जणू कुणी मधली पायरीच काढून घेतली. ह्यांचा टाळ अडखळला. डोळे उघडले. "कोण चुकलं रं?" आणि लागले उठायला.

तिसऱ्या वेळी शूटिंगवाल्यांचाही चेहरा पडला. "मावशी, मधलं तुम्हीच काढायला लावलं न्हवं. आता कुठनं आणू?" टेप भरून घेतल्यावर दोन ठिकाणी तुटली होती, परत वाजण्यातली नव्हती. कॉम्प्युटरवरचं मूळ त्यांनी काम झाल्यावर पुसलेलं, लग्नसराईत जागा लागती म्हणून. बिचाऱ्यांनी कुठल्या तरी दुसऱ्या भजनातला पखवाज आणून सांध्यात चिकटवून बघितला. ह्यांनी दोन ठोके ऐकले आणि म्हणाले, "हा कोण नवा धरून आणलाय?" टाळ खाली.

लेक फोनवर म्हणते, "आई, मोबाईलवर लाव गं, कसली सीडी घेऊन बसलीयस!" लावलं ना मोबाईलवरही. दुसरंच भजन होतं, ह्यांनी टाळ हातात घेतले नाहीत. वर मधेच कुणा बाईचा फोन, प्लॉट घ्या म्हणून.

शेवटी ती न थांबणारी सीडीच लावते. आठ अभंग, सात सांधे. आता शेवटचं कडवं आलं की हातातलं टाकून मी खुर्चीपाशी येते, त्यांचे खांदे धरते. कधी कधी धरल्यावर पुढं वाजवतात. कधी नाही.

काल तिसऱ्या सांध्याला टाळ थांबले. "पखवाजवाल्याला म्हणावं, असा मधनंच हात सोडू नको." ते पखवाजवाले चार वर्षांमागं वारले, ह्यांनीच खांदा दिला होता.

"त्यांचं न्हाय चुकलं," मी म्हटलं. "मी कापलं ते. मला कळलं न्हाय."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मला वाटलं, आता बोलतील काहीतरी, रागावतील तरी.

"तुम्ही कशाला मधी पडता, बाई? आमचं आम्ही बघतो," म्हणाले आणि खुर्चीचे हात धरून उठायला लागले. चौथा अभंग चालू झाला होता. मी दोन्ही हातांनी त्यांचे खांदे दाबून धरले. आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला, तरी हात काढता येईना.