रुमालाच्या चौकड्या

आमच्या हिंगोलीकडं कोळ्यांचा चौकड्यांचा रुमाल कुणी पाहिलेला नसतो. तो कमरेला गुंडाळतात हे मला बोईसरला आल्यावर कळलं. नवरा तारापूरच्या कारखान्यात, मी आठवीतनं शाळा सोडलेली. तरी स्टेशनजवळच्या बॅनरच्या दुकानात मालकांनी मला कॉम्प्युटरवर बसवलं. त्यांना सगळे दादा म्हणतात. दाखला बघू, असंही ते म्हणाले नाहीत. त्यामुळं चूक झाली की मला तो न मागितलेला दाखलाच आठवतो.

सातपाटीची एक कोळीण मावशी सासऱ्यांचा जुना काळा-पांढरा फोटो घेऊन आली, त्यांच्या कमरेला तोच रुमाल. नवी बोट पाण्यात उतरवायची होती, पूजेला बॅनर हवा होता. फोटोमागची भिंत काढून निळा समुद्र टाकायचा.

भिंत पांढरी होती, म्हणून मी पांढरा रंगच एकदम निवडून पुसला. कडा नीट दिसाव्यात म्हणून समुद्राच्या लेयरचा, म्हणजे फोटोखालच्या थराचा, डोळा बंद ठेवला. डोळ्याच्या त्या चिन्हावर क्लिक केलं की लेयर दिसेनासा होतो, आणि जिथं काहीच उरत नाही तिथं करड्या-पांढऱ्या चौकड्या दिसतात. भिंतीबरोबर रुमालातलं पांढरंही पुसलं गेलं होतं. पण तिथं चौकड्याच दिसत होत्या. मला वाटलं, रुमाल आहे. शेवटी समुद्राचा डोळा उघडला, तेव्हा माझी सगळी नजर अक्षरांवर. ऱ्हस्व-दीर्घाची मला फार भीती.

दुसऱ्या दिवशी मावशी बॅनरची गुंडाळी घेऊन हजर.

"अगो बाय, आमच्या बाबांच्या कमरेतून दर्या दिसतय! जिते असते ना, तर त्याच रुमालानं झोडली असती तुला. उद्या पूजा हाय, आता कसा करू?"

मला वाटलं, संपली नोकरी. दादा उठून आले, बॅनर पाहिला.

"हात लावायच्या आधी फोटोची कॉपी करून ठेवली होती का?"

"ठेवलीय. डोळा बंद करून." पहिल्याच दिवशी त्यांनी ते शिकवलं होतं.

त्यांनी तो डोळा उघडला. रुमाल धडधाकट होता. मग सेटिंगमध्ये जाऊन त्यांनी रिकाम्या जागेच्या चौकड्यांचा रंगच बदलला, हिरवा-गुलाबी केला. "असला रुमाल कुणी नेसत नाही. आता कळेल भोक कुठं पडलं ते."

मी हातानं, हळूहळू कडेकडेनं भिंत पुसली. मावशी स्टूल ओढून शेजारीच बसली होती. नवा बॅनर निघाल्यावर तिनं कमरेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हां, आता नेसले बाबा."

ती गेल्यावर मी भीत भीत विचारलं, "दादा, उद्या येऊ ना मी?"

"उद्याचं उद्या. आधी ते सफाळ्याचं लग्नाचं काम घे, दोनला न्यायला येणारेत."