खाडीकाठचं शवासन

माणसं कमी होत जातात आणि किस्से साठत जातात. सत्तरच्या दशकात भाईंदरला खाडीकाठच्या देवळाच्या मंडपात मी म्हाताऱ्यांचा योगासनांचा वर्ग घ्यायचो, तेव्हा हे कळलं. मी शाळामास्तर, वय अठ्ठावीस. शिकवायची भारी हौस!

*

पहिल्याच दिवशी शवासन सांगितलं. मासळी विकून कंबर गेलेल्या हिराबाईंनी ताडकन चटई गुंडाळली. "मुडदा व्हायला इथवर कशाला येऊ? ते घरबसल्या व्हतंय की!"

दुसऱ्या दिवसापासून मी त्याला 'आराम' म्हणू लागलो. तरी दक्षिणेकडे पाय करायला कुणी तयार होईना! मंडप अरुंद. मग सगळे आडवेतिडवे पडायचे, एकाचे पाय दुसऱ्याच्या नाकाशी.

*

सावंतकाका रत्नागिरीचे, मिलमधून रिटायर झालेले. एकदा वज्रासनात बसले ते उठेनातच. दोघांनी त्यांना तसंच उचललं, तर म्हणाले, "असाच घरी नेऊन पाटावर ठेवा. सून दीड दिवस तरी विचारील!"

सगळे हसले. काका हसले नाहीत.

*

त्याच वर्षी काका गेले. त्यांच्या जागेवर कुणी चटई टाकेना. गोडदेवहून एक नवे गृहस्थ आले आणि नेमके तिथेच बसायला लागले.

"तिथं नको," हिराबाई म्हणाल्या, "तिथं मानूस हाय."

गृहस्थ पुन्हा आले नाहीत. मीही त्यांना बोलावलं नाही.

*

धर्माआजोबांचा मुलगा वादळात होडीसकट गेला होता. काहीच सापडलं नव्हतं. आजोबा सगळी आसनं करायचे, फक्त डोळे मिटायचे नाहीत. एकदा मी चिडलो. "आजोबा, डोळे मिटल्याशिवाय मन शांत कसं होणार?"

"शांत व्हायला कोन आलाय? गुडघं चालू ऱ्हावं म्हनून येतो. पोराची वाट बघायला रोज बंदरावर जावं लागतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

पुढच्या पावसाळ्यात आजोबांचे गुडघे गेलेच. बंदर सुटलं. हिराबाई त्यांना हाताला धरून मंडपात आणायच्या, तिथून खाडी दिसायची तेवढीच. बसून बसून ते पार सुकले होते. झोप तर कधीचीच गेलेली.

एका सकाळी शवासनाला ते आपणहून आडवे झाले.

"मास्तर, आज जरा डोले मिटतो. तवर तू खाडीकडं बघ."

मी मंडपाच्या कडेला जाऊन उभा राहिलो. वर्ग सुटला. सगळ्यांनी चटया गुंडाळल्या. मागून हिराबाई हळूच म्हणाल्या, "मास्तर, घोरतोय बघा!"

मी वळलो नाही. मी खाडीकडे बघत होतो.