आचाऱ्याचं बीट

कारखान्याच्या कॅन्टीनचा आचारी तसा कुणाच्या बापाला भिणारा नव्हता, पण थोरला भाऊ मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं गेला आणि या गड्यानं हायच खाल्ली. सख्ख्या भावाला झालाय, तुम्हीही दुर्बिणीनं आतडं तपासून घ्या, असं भावाच्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं. हा 'बघू' म्हणाला आणि शिरला स्वयंपाकघरात. कुठल्याशा मासिकात त्यानं वाचलं, की कडधान्यांतल्या चोथ्यापासून पोटातले जंतू जे द्रव्य बनवतात ते आतड्याच्या अस्तराला पोसतं. कोबीत, लसणात, बिटाच्या लाल रंगातही अशी काही द्रव्यं आहेत, ती कदाचित या रोगाला अडवत असावीत. त्यातलं 'कदाचित' तेवढं त्यानं गाळून टाकलं. बाकी सगळं ताटात आलं.

बिटानं तर त्याला वेडच लावलं. सकाळी कच्चं, दुपारी किसून, रात्री उकडून. त्यामुळे शौचाला लाल झालं तरी गडी निर्धास्त. बायको घाबरली तर उलट तिलाच शिकवायचा, की बीट खाल्लं की असं होतंच. होतंही, त्यात खोटं काहीच नव्हतं. तिनं तपासणीचं नाव काढलं, की मात्र तोंड पाडून बसायचा.

मग एकदा भाजीवाल्याचा बिटाचा मालच आला नाही. आज येईल, उद्या येईल करता करता आठवडा गेला. आचाऱ्यानं कॅन्टीनच्या दारातच त्याची बिनपाण्यानं केली. माझ्या जिवाशी खेळतोस का, इथवर बोलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो संडासात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. खाली लाल होतं. काल काय खाल्लं, परवा काय खाल्लं, सगळं आठवून झालं. टोमॅटो? नाही. गाजर? तेही नाही. पाणी ओतून टाकलं तर कुणाला कळणार होतं? हात नळापर्यंत गेलाही.

बायकोनं दार वाजवलं. "अहो, बरं आहे ना?"

बीट म्हणायला तोंड उघडलं, पण बीट तर आठवडाभर आलंच नव्हतं. कॅन्टीनमध्ये काय येतं नि काय नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यानं कडी काढली.

"बीट नाहीये गं हे," तो म्हणाला आणि उंबऱ्यावरच बसला. रडलाही. तिनं तडक चपला घातल्या.

तपासणीत गाठ सापडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन करावं लागेल, पसरलीय का ते पुढच्या तपासण्यांत कळेल. खाणं चांगलंच होतं तुमचं, ते सोडू नका, पण तपासणीला ते पर्याय नाही. मग त्यांनी पेन उचललं.

"रक्त कधीपासून जातंय?"

आचाऱ्यानं बायकोकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

"सांगता येत नाही," तो म्हणाला. "मी रोज बीट खायचो."