दिवस मावळायच्या आत

“बोटीवरचं जेवणबी काढून टाका,” आण्णा म्हणाले.

दुबईच्या पॅकेजमधली ही तिसरी गोष्ट त्यांनी उडवली. आधी कारंज्यांचा शो गेला, मग वाळवंटातली सफारी. मी सांगलीत ट्रॅव्हल एजन्सी चालवते. गिऱ्हाईक अशी काटछाट करायला लागलं की बजेट कमी पडतंय, असं आम्ही धरून चालतो. पण आण्णांचं तसं दिसेना. तासगावात त्यांचा बेदाण्याचा व्यापार. हॉटेल त्यांना फाइव्ह स्टारच हवं होतं, समुद्राच्या बाजूचं, वरच्या मजल्यावर, आणि पाचही रात्री. तेही डिसेंबरात.

“आण्णा, मग तिथं जाऊन बघणार काय?”

“ते तुमी सांगायचं. धंदा तुमचा हाय.”

शेजारी त्यांच्या पत्नी, सुमनकाकी, बसल्या होत्या. चहा आला. मी कप पुढं सरकवला. काकींनी हात लांब केला तो कपाच्या पलीकडं, नुसत्या टेबलावर पडला. आण्णांनी कप उचलून त्यांच्या हातात दिला.

“आवं, सांगा की म्याडमना,” काकीच म्हणाल्या. “चोरी केलीया का आपण?”

आण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. मग काकींनीच सांगितलं.

“दिवस मावळला की मला दिसंना झालंय. समोरचं दिसतं, बाजूचं न्हाई. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. म्हणून ह्यांची घाई. दिसतंय तवर दाखवतो म्हणत्यात.”

आता सगळं लक्षात आलं. दुबईचं पॅकेज उन्हामुळं बहुतेक संध्याकाळीच सुरू होतं. रोषणाई, बोट, सफारी, सगळं अंधारातलं. आण्णा पैसे वाचवत नव्हते. काकींना जे दिसणार नाही, तेवढंच ते काढत होते.

“काकी, तुम्हाला स्वतःला काय बघायचंय?”

“वाळू. नदीतली न्हाई. जिकडं बघावं तिकडं निस्ती वाळू. टीव्हीवर बघितलीया.”

मी तिथल्या ग्राउंड हँडलरला, म्हणजे गाड्या, तिकिटं आणि माणूस पुरवणाऱ्या पार्टीला, फोन लावला.

“मॅडम, सफारी संध्याकाळचीच चालते,” तो म्हणाला. “जेवण, नाच, सगळं तेव्हाच.”

“नाच नको. मला उजाडताना माणसं वाळूवर पोचलेली हवीत.”

“इतक्या पहाटे शेअरिंगची गाडी भरत नाही. प्रायव्हेट घ्या. महाग पडेल.”

महाग पडलीच. आण्णांनी सुरुवातीलाच सांगितलेल्या आकड्यात ती गाडी, डिसेंबरचं हॉटेल आणि विमान बसेना. डिसेंबर म्हणजे पीक सीझन, खोल्यांचे दर सगळ्यात चढे. शिवाय दिवस लहान. म्हणून मी त्याच्या आधीचा, येणारा मे महिना सुचवला.

“मे?” आण्णा खुर्चीत सरळ झाले. “तितं मानूस भाजून निघंल!”

“पहाटे बाहेर पडायचं, ऊन चढायच्या आत परत. दुपारभर एसीत बसायचं, काचेसमोर समुद्र. उन्हाळ्यात तीच खोली निम्म्या दरात मिळते आणि उजेड उशिरापर्यंत राहतो. तुमचा बेदाणाही तोवर आवरलेला असेल.”

आण्णांना पटलं, पण अर्धंच. कारण एवढं करूनही एक रात्र कमी करावी लागत होती.

“पावण्यांत पाच रात्री सांगून बसलोय मी.”

“रात्री कितीबी ऱ्हावा,” काकी म्हणाल्या, “मला काय दिसायचंय?”

आण्णा आधी दचकले, मग मोठ्यानं हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. चार रात्री ठरल्या.

मे महिन्यात एका सकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. आण्णा वाळूत उभे होते. घामानं सदरा अंगाला चिकटलेला.

“काकी कुठंयत?” मी विचारलं.

त्यांनी फोन वळवला. काकी पार पुढं, टेकाडाच्या उतारावर एकट्याच चालल्या होत्या. पदर खोचलेला, चपला हातात. थांबायच्या, सगळीकडं मान फिरवून बघायच्या, पुन्हा चालायला लागायच्या. माझ्या ऑफिसचा जिना त्या आण्णांचा हात धरून उतरल्या होत्या.

“आण्णा, एकटं सोडलंत त्यांना?”

“हात धरू देईना, म्याडम. म्हनती, हितं आपटायला हाय काय? घरात भिंती, रस्त्यावर गाड्या. दोन वर्सं झाली, हात सुटला न्हवता. आता हाक मारली तरी थांबंना.”

मागून ड्रायव्हर ऊन वाढतंय म्हणून सांगत होता. आण्णा त्याला म्हणाले, “चालू दे रं तिला. थांब गड्या जरा.”

परत आल्यावर त्यांची एकच तक्रार होती, हॉटेलातल्या चहाची. ती मी पुढं कळवली, उपयोग झाला नाही.

तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की बजेट मी नंतर विचारते. आधी विचारते, जाणार कोण आणि त्यांना काय जमतं, काय नाही. यात चांगुलपणा किती ते मला माहीत नाही, पण मे महिन्यातली दुबई एरवी कुणी घेत नाही, ती अशानं खपते.