जावयाची वायर

माझ्या सासऱ्यांची नाव बुडाली नाही, जळाली. भर पाण्यात जळाली, आणि ती मी जाळली.

नाव होती मोताळ्याकडच्या धरणावर. माझा मेहुणा गजू तिच्यातून मासे धरायचा आणि त्यावरच सासरचं घर चालायचं. नाव जुनी, पाझरायची. डांबर फासूनही भागेना, म्हणून गजूनं बॅटरी, पाणी उपसायची छोटी मोटर, दिवा आणि भोंगा आणला. वायर जोडायला मलकापूरचा मिस्त्री येणार होता. पण अधिक महिना लागला आणि मिस्त्रीच्या आधी धोंडे खायला जावई आला. म्हणजे मी! (अधिकात जावई म्हणजे साक्षात देव. फरक एवढाच, की देव गप्प बसतो.)

"मिस्त्री कशाले?" पुरणाची ढेकर देत मी म्हणालो. "आमच्या उंद्रीतल्या गणपतीची लायटिंग मीच करतो ना!"

त्या लायटिंगची उरलेली वायर माझ्या गाडीच्या डिक्कीत होतीच.

गजू चाचरत म्हणाला, "भाऊजी, मोटरले हे बारीक नाही होत का?"

"अबे, घरात दोनशे तीस व्होल्ट असते. इथं बाराच! बाराले जाड वायर काऊन लागन?"

(व्होल्ट कमी असले की त्याच कामाला करंट जास्त लागतो आणि त्याला वायर जाडच हवी, हे मला नंतर कळलं. नंतरचं माझं ज्ञान फार पक्कं असतं.)

गजूनं सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी जमिनीकडे.

"जवाईबुवा म्हणतात तं असंनच," ते म्हणाले. अधिकात जावयाला नाही कोण म्हणणार? सासूबाईंनी तर वायरीला हळदकुंकू वाहिलं!

एकटी माझी बायको सुनंदा बोलली, "यायले काही येत नाही. मिस्त्री बोलवा."

"चूप वं! मान हाये त्यायचा," सासूबाईंनी तिला दटावलं.

दुपारी मी वायर जोडली आणि आम्ही तिघं पुरुष नाव घेऊन पाण्यात निघालो. दिवा लागला. भोंगा वाजला. माझी छाती फुगली. मधोमध पोचल्यावर मी मोटर चालू केली, तसा दिवा मिणमिणला आणि मोटर कण्हायला लागली.

"जवाईबुवा, वास येऊन राह्यला," सासरे अदबीनं म्हणाले.

"नव्या मोटरचा येतेच!"

"जवाईबुवा, धूर..."

"वाफ हाये ते!"

"जवाईबुवा, राग मानू नका, पण तुमचा टॉवेल..."

तापल्या वायरीवर लोंबणारा माझ्या खांद्यावरचा मानाचा टॉवेल पेटला होता! तो मी झटकला, तो नेमका डांबरावर. तिघांनी उड्या मारल्या. दुसऱ्या नावेनं आम्हाला काठावर आणलं. तिथं उभं राहून गजू आपली नाव जळताना बघत होता. त्यानं मला एक शिवी घातली असती तरी मला बरं वाटलं असतं. पण सासूबाई आल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर नवा टॉवेल टाकला.

गजू आता दुसऱ्याच्या नावेवर जाळी ओढतो. पुढच्या अधिकात मी निघायच्या आतच सासऱ्यांचा फोन आला, "जवाईबुवा, तुमी काऊन तसदी घेता? मान तिथंच पाठोतो."

धोंड्यांचा डबा एसटीनं आला. गजूनं तो वायरीनं करकचून बांधला होता. चांगली जाड वायर! मी ओढली, पिरगाळली, दातही लावले. सुटेना.

सुनंदानं विचारलं, "बोलवू का मिस्त्री?"