नुसता डग्गा ऐकू येतो

लग्न होऊन मस्कतला जायला निघाले तेव्हा बडोदे स्टेशनवर अण्णा माझ्याशी बोलत नव्हते, ओरडत होते. फलाटावर फारशी गर्दी नव्हती, तरी "पाण्याची बाटली घेतलीस का?" हे माझ्या वडिलांनी अशा आवाजात विचारलं की चहावाला मागे वळून बघायला लागला. आई म्हणाली, "अहो, हळू. इथेच उभी आहे ती." मला त्याचं काही वाटलं नाही. बडोद्याबाहेर बाजव्याच्या बाजूला एका कारखान्यात अण्णांची अख्खी नोकरी कॉम्प्रेसरच्या धडधडाटात गेली होती, आणि तिथली सगळीच माणसं घरी अशी बोलायची. गाडी हलली तेव्हा मात्र ते खिडकीबरोबर चालत, जरा ओशाळून म्हणाले, "तिकडे डेक चांगले मिळतात म्हणे. सुट्या स्पीकरचे. घाई नाही हं, सावकाश." रडू येऊ नये म्हणून माणूस काहीतरी मागतो. तुमच्यापैकी ज्यांनी कुणाला गाडीत बसवून दिलंय त्यांना हे मी काय सांगणार!

अण्णांना गाण्याचं वेड होतं आणि त्याहून जास्त वेड आवाजाचं. घरी एकाच स्पीकरचा जुना टेपरेकॉर्डर होता. त्याच्यावर ते एका बाईंची ठुमरी लावायचे आणि मला जवळ बसवून सांगायचे, "गाणं नंतर ऐक. आधी तंबोऱ्याची जवारी, ती तारांची बारीक झणझण, ऐकू येते का बघ. ती आली तर डबा चांगला, नाहीतर फुकट." कारखान्यात मशीन बिघडायच्या आधी अण्णांना नुसत्या आवाजावरून कळायचं, साहेबलोक त्यांना बोलावून घ्यायचे. कानाचा त्यांना केवढा गर्व! दुसऱ्या कशाचाही नव्हता, तेवढा एकच.

डेक न्यायला मला दोन वर्षं लागली. मस्कतच्या दुकानात कितीतरी ऐकून बघितले. शेवटी आटोपशीर, चंदेरी रंगाचा, वर सीडी, खाली दोन कॅसेटी, दोन्हीकडे सुटे स्पीकर असा घेतला. तेव्हा आखातातून येणारा प्रत्येक जण असलं एक खोकं उराशी धरूनच उतरायचा. बडोद्यातल्या समा भागात, आमच्या सोसायटीत, बघायला माणसं जमली. शेजारच्या हंसाबेन म्हणाल्या, "अरे वाह, आ तो थिएटर जेवुं लागे छे!" थिएटरसारखं वाटतंय म्हणे. अण्णांनी आपली ठुमरीची कॅसेट घातली, डोळे मिटले आणि थोड्या वेळाने मान हलवली. "नुसता डग्गा ऐकू येतो. बाई कुठे गेली?"

मला बाई ऐकू येत होती. जवारी येत होती, तबल्याची चाट येत होती, इतकंच काय, बाईंनी मध्येच घेतलेला श्वासही येत होता. पण अण्णांचा कान तो अण्णांचा कान! आमच्या घरात त्यावर शंका घ्यायची पद्धतच नव्हती. मला वाटलं, या स्पीकरमध्ये असं काहीतरी कमी आहे जे माझ्यासारख्या ढ मुलीला कळत नाही, त्यांनाच कळतं.

मग सुरू झाली स्पीकरची वरात. ते आधी टीव्हीच्या ट्रॉलीवर होते, तिथून कपाटावर गेले, मग भिंतीवर चढले. अण्णांनी एकाची जाळी काढून आतला छोटा स्पीकर बदलून आणला. पुढच्या खेपेला मी नवी जोडी नेली, साड्यांमध्ये गुंडाळून. तीही त्यांना घोंगडीखालून बोलल्यासारखी वाटली. शेवटी त्यांनी बारीक सुरांचं, म्हणजे ट्रेबलचं, बटण पूर्ण वर नेलं आणि खूश झाले. "आता कसं! आता बराबर." घरात मात्र पत्र्यावर खिळे ओतल्यासारखा आवाज येत होता. हंसाबेन आपल्या दारापुढच्या ओट्यावरून हात जोडून म्हणाल्या, "काका, जरा धीमुं करो ने, मारुं तो माथुं दुखी गयुं!" अण्णा हसले आणि त्यांनी हात हलवला. हंसाबेन काय म्हणाल्या ते त्यांना कळलंच नव्हतं.

त्याच सुट्टीत आम्ही तिघं अलकापुरीतल्या एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. तिथल्या मुलाने बिचाऱ्याने एकामागून एक सगळे डेक लावून दाखवले. अण्णा दर वेळी कॅसेट काढून घेत आणि पुढच्याकडे जात. शेवटी म्हणाले, "सगळे डबेच. हल्ली चांगला माल कुणी बनवतच नाही." परत येताना रिक्षात आई माझ्या कानाशी लागून बोलली. खरं तर कानाशी लागायचीही गरज नव्हती. "कुकरची शिट्टी त्यांना ऐकू येत नाही गं. केव्हापासूनच. तू त्यांना काही बोलू नकोस, कान म्हणजे त्यांचा जीव आहे."

तरी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलंच. डॉक्टरांनी सांगितलं, कानाची नस गेली आहे. आधी बारीक आवाज जातात, मग बायकांचे, मुलांचे, मग बाकीचे. गेलेलं परत येत नाही. कानात घालायचं मशीन दिलं, तर त्यात पंखा आणि ताटवाट्याच जास्त ऐकू यायला लागल्या, शब्द काही सुटे होईनात. ते मशीन डेकच्या बाजूच्या खणात जाऊन पडलं. मी मस्कतला परत आले, दार लावलं आणि तिथेच जमिनीवर बसून रडले. इतके दिवस अण्णा फोनवर माझ्याशी दोन वाक्यं बोलून "लाइन खराब आहे, जावईबापूंना दे" म्हणायचे, तेव्हा मला किती लागायचं! वाटायचं, मी लांब गेले म्हणून रागावलेत. राग कसला? त्यांना सतीशचा, माझ्या नवऱ्याचा, जाड आवाज ऐकू यायचा. माझा यायचा नाही. एवढंच होतं.

पुढची काही वर्षं आईने सांभाळली. मी फोनवर बोलायचे, आई ऐकायची, आणि अण्णांकडे तोंड करून तेच ओठांनी सावकाश सांगायची. मीही आवाज खाली आणायला शिकले. पोटातून, संथ, शब्द तोडून. इथल्या मैत्रिणी विचारतात, तुझा घसा बसलाय का? बसलाय, म्हणते मी. कुणाकुणाला सांगत बसू?

आणि मग आई गेली. दिवस झाल्यावर अण्णांना म्हटलं, चला माझ्याबरोबर. पाटीवर लिहून दाखवलं, पाया पडले, भांडले. ते म्हणाले, "तिथे मी कुणाचं तोंड वाचू? इथे निदान तोंडं ओळखीची आहेत." मीच परत जावं, तर सतीशची नोकरी इथली, मुलीची शाळा इथली. तुम्ही म्हणाल, असं कसं तुला जमतं? जमत नाही. एकही दिवस जमत नाही. इतकी वर्षं झाली, आमच्या बडोद्याच्या भाषेत सांगायचं तर मला इथे गमत नाही, आणि तिथे गेले तरी जिच्यासाठी जायचं ती आई नाही.

आता दर रविवारी सकाळी दहाला मी फोन करते. अण्णा आधीपासून फोनजवळ बसलेले असतात, यंत्रावर तळहात ठेवून, म्हणजे घंटी हाताला कळते. हे मला हंसाबेननी सांगितलं. उचलतात आणि लगेच बोलायला लागतात, कारण माझं काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नाही. सतीशचंही आता पोचत नाही. माझ्या पत्रातल्या प्रश्नांची उत्तरं देतात. डाळ जळली ते सांगतात, हंसाबेननी ढोकळा पाठवला ते सांगतात, आईच्या तुळशीचं सांगतात. मग "बरं, ठेवतो. जप" म्हणतात. मी मात्र बोलत असते. त्यांच्या बोलण्यावर माझं बोलणं घालते, अण्णा अण्णा करते, मुलगी बघते म्हणून न्हाणीघरात फोन नेते.

मागच्या रविवारी लाइन लागेना. सारखी एंगेज. किती वेळ लावत होते. अण्णांचा फोन एंगेज? त्यांच्याशी बोलणार कोण? शेवटी लागली. अण्णांनी उचलला आणि जरा चकित होऊन, लाडाने म्हणाले, "अगं, पुन्हा? आत्ताच तर सगळं सांगितलं तुला. पैसे घालवू नकोस. ठेवतो."

मी ओरडले. खालच्या आवाजात नाही, माझ्या खऱ्या आवाजात. अण्णा, ती मी नव्हते! त्यांनी फोन केव्हाच ठेवला होता.

कुणी केला असेल तो फोन? चुकीचा नंबर लागलेला कुणीतरी असेल. त्याने मध्येच ठेवला नाही, माझ्या वडिलांचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्याचे उपकार मानावेत की त्याच्या नावाने बोटं मोडावीत, मला कळत नाही. लोक अजून विचारतात, तुमचं घर कुठलं? मी सांगते, बडोद्याचं. तिथे माझे वडील असतात, आणि दर रविवारी ते माझ्याशी बोलतात, मी फोनवर असले काय, नसले काय.